बिबट्याच्या बाजूचे की माणसाच्या? हा प्रश्नच सोडून द्या

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले, सिन्नर, निफाड या पट्ट्यातल्या शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि पुण्या-मुंबईत राहून या प्रश्नावर तळमळीनं बोलणाऱ्या मित्रांनो,

यंदाचा गळीत हंगाम तोंडावर आला आहे. थोड्याच दिवसांत बीड-पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतील, बांधाकडेला कोप्या उभ्या राहतील, फड तुटायला लागतील. वर्षभर उसात दडून राहिलेल्या बिबट्याचा आडोसा गेला की तो शेजारच्या रानात सरकेल, वस्तीजवळून जाईल, लोकांच्या नजरेस पडेल. पहिला व्हिडिओ फिरेल. पहिली शेळी जाईल. एखाद्या घरावर त्याहून मोठा घाला पडेल आणि मग आपण दरवर्षीप्रमाणे दोन तट पाडू. एक तट म्हणेल, सगळे बिबटे मारून टाका. दुसरा म्हणेल, तुम्हीच त्यांच्या जंगलात घुसलात, आता भोगा. हे सगळं सुरू व्हायच्या आधी, डोकी शांत आहेत तोवर, हात जोडून विनंती आहे: यंदा या दोन्ही तटांपासून लांब राहा. या भांडणात आजवर एकही मूल वाचलेलं नाही आणि एकही बिबट्या वाचलेला नाही.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काय झालं ते आठवा. तीन आठवड्यांच्या आत तीन जीव गेले. एक पाच वर्षांची मुलगी, एक वयोवृद्ध आजी आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग अडला, वनखात्याची गाडी जळाली. शेवटी आदेश निघाला आणि बिबट्याला गोळी घातली गेली. त्या लोकांना अडाणी किंवा क्रूर म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. ज्या आईनं अंगणात खेळणारं लेकरू गमावलं, तिला सहजीवनाचे धडे देणं हा निर्दयपणा आहे. पण संताप खरा असला म्हणून संतापातून सुचलेला प्रत्येक उपाय बरोबर ठरत नाही. तो तपासावा लागतो, कारण उपाय चुकला तर त्याची किंमत पुन्हा एखादं लेकरूच मोजतं.

ही किंमत आपण एकदा मोजलेली आहे. २००१ नंतर जुन्नर वनविभागात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटर लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता. ‘मारू नका, पण इथून न्या’ ही मागणी सगळ्यांनाच पटण्यासारखी होती. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा हिशेब मांडला आणि २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ या काळात या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवायला लागल्यावर ती सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांत जीव जाण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झालं.

असं का व्हावं? बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. कुठल्या ओढ्यानं जायचं, कुठल्या वस्तीला वळसा घालायचा, माणूस कधी शेतात असतो आणि कधी नसतो, हे त्याला तिथं राहून कळलेलं असतं. त्याला पकडलं, दिवसचे दिवस पिंजऱ्यात माणसांच्या गराड्यात ठेवलं आणि अनोळखी मुलखात सोडलं की ही सगळी ओळख पुसली जाते. तो बिथरतो किंवा परतीच्या वाटेला लागतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा नवा, बहुतेक वेळा तरणा आणि अननुभवी बिबट्या घेतो. पिंजरा लागला म्हणून गाव निर्धास्त होतं आणि धोका होता तिथंच राहतो, कधी कधी वाढतो.

परतीच्या वाटेचं उदाहरण महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. पुढच्या महिन्याभरात हा आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालला. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला. वाटेत गावं होती, वाड्या होत्या, कारखाने होते. एवढ्या प्रवासात त्यानं एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही आला. आजोबाच्या चालीवरून दोन गोष्टी शिकायच्या. बिबट्याला कुठंतरी नेऊन सोडलं म्हणजे प्रश्न तिकडं गेला असं होत नाही. आणि बिबट्या दिसला म्हणजे तो माणसावर झडप घालायलाच आला आहे, असंही होत नाही.

आता दुसऱ्या तटाकडे वळू. ‘जंगलं तोडली म्हणून बिबटे गावात आले’ हे वाक्य शहरात इतक्या वेळा म्हटलं जातं की त्यावर कुणी थांबून विचार करत नाही. जंगलं घटली हे खरंच आहे. पण जुन्नर-शिरूरच्या उसात आज जन्मणाऱ्या बछड्यांच्या आईनं आणि कदाचित आजीनंही जंगल पाहिलेलं नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांचं पाणी फिरलं आणि कोरडवाहू माळावर ऊस उभा राहिला. बारा ते अठरा महिने न हलणारं, माणसाच्या डोक्यावरून जाणारं गर्द पीक, कडेला पाणी, जवळच कुत्री, डुकरं, शेळ्या. मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? हा बिबट्या कुठून हाकलला जाऊन आलेला नाही, तो इथलाच रहिवासी आहे. ‘त्याला जंगलात परत पाठवा’ म्हणणारा आणि ‘शेतकरी त्याच्या जंगलात घुसला’ म्हणणारा, दोघंही एकाच चुकीच्या चित्रावरून भांडत आहेत. शेतकरी स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत उभा आहे. त्याच्या कष्टानं पिकलेली साखर तुमच्या-माझ्या चहात आहे. बिबट्या पोसणाऱ्या या पिकाचा फायदा सगळ्या राज्यानं घ्यायचा आणि रात्रीची भीती फक्त वस्तीवरच्या बाईनं भोगायची, हा न्याय कुठला?

अकोले तालुक्यातल्या अभ्यासानं हे चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं. तिथल्या शेतीच्या खोऱ्यात १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे आढळले, तेवढेच तरसही, आणि माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक. म्हणजे राखीव जंगल नाही, मोठं वन्य भक्ष्य जवळजवळ नाही आणि तरी बिबटे आहेत. ते खातात काय, तर विष्ठेच्या तपासणीत सगळ्यांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच होता, कारण शेळ्यांची राखण होते आणि कुत्री मोकाट असतात. अभ्यासाच्या काळात तिथं बिबट्यानं कुणाचा जीव घेतल्याची नोंद नव्हती. अकोले तालुक्यातही बिबटे आणि शिरूरमध्येही बिबटे, मग एकीकडे तुलनेनं शांतता आणि दुसरीकडे तीन आठवड्यांत तीन मृत्यू का? हा प्रश्न विचारायला हवा. त्याचं उत्तर ‘बिबट्या वाईट’ या दोन शब्दांत मिळत नाही आणि ‘माणूस वाईट’ या दोन शब्दांतही मिळत नाही. ते उसाच्या क्षेत्रात आहे, उकिरड्यात आहे, वस्त्या विखुरलेल्या असण्यात आहे, आधी किती बिबटे पकडून कुठं सोडले यात आहे आणि विजेच्या वेळापत्रकातही आहे.

हो, विजेच्या वेळापत्रकात. शेतीपंपाची थ्री फेज लाइट बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. रात्री बारा वाजता शेतकरी उठतो, डोक्याला बॅटरी लावतो आणि खोरं घेऊन दारं धरायला उसात शिरतो. सरी फोडताना तो वाकलेला असतो, कधी बांधावर उकिडवा बसलेला असतो. अंधारात, पाचटाच्या सळसळीत, मागून पाहणाऱ्या जनावराला वाकलेला माणूस उभ्या माणसासारखा दिसत नाही. त्याच वेळी घरी त्याची बायको परसाकडे निघालेली असते आणि लेकरू पडवीत उघड्यावर झोपलेलं असतं. या तिघांना दिवसाच्या विजेनं, संडासानं आणि दाराच्या कडीनं जितकं संरक्षण मिळेल तितकं दहा पिंजऱ्यांनी मिळणार नाही. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याची सौर कृषी वाहिनी योजना आहे. बिबट्याच्या पट्ट्यातल्या वाहिन्या त्यात सगळ्यांत आधी घ्या, ही मागणी मोर्चात पहिल्या क्रमांकावर हवी होती. पण ‘मारा’ आणि ‘वाचवा’च्या गदारोळात ती मागे पडली. असं टोकाला जाऊन भांडण्याचा खरा तोटा हाच आहे: ज्या साध्या गोष्टींनी जीव वाचतो, त्यांच्यासाठी घोषणा द्यायला कुणी उरत नाही.

मुंबईचा अनुभवही नीट पाहा. २००४ च्या आसपास संजय गांधी उद्यानाच्या परिसरात माणसांवरच्या हल्ल्यांनी हाहाकार उडाला होता. बाहेरून पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडले जात होते, हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. ते थांबलं. पुढे २०११ पासून वनखातं, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले. सोसायट्यांमध्ये, पाड्यांवर, पोलिसांमध्ये जागृती झाली, कचऱ्यावर लक्ष गेलं. हल्ले पुष्कळ कमी झाले. तरीही २०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये सोळा महिन्यांची एक चिमुरडी बळी गेली. म्हणून ‘मुंबईनं प्रश्न सोडवला’ असंही म्हणू नका आणि ‘बघा, काहीच उपयोग होत नाही’ असंही म्हणू नका. धोका शून्यावर येत नाही, पण तो कमी होतो, आणि तो कमी करणं आपल्या हातात आहे. एवढं मान्य केलं की काम सुरू होतं.

आपल्या आदिवासी बांधवांना हे शिकवावं लागत नाही. महादेव कोळी, ठाकर, वारली यांच्या मुलखात वाघोबाची ठाणी आहेत, दगडावर किंवा लाकडावर कोरलेली. अश्विनातल्या वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात. ती पूजा भाबड्या प्रेमाची नाही. वाघोबा गुरं नेतो, त्याचं भय आहे, म्हणूनच त्याला हात जोडायचे आणि त्याच्याकडेच राखण मागायची. आणि हात जोडून झाल्यावरही गुराखी काठी घेऊनच रानात जातो, संध्याकाळी गुरं गोठ्यात घालून फाटक लावतो. भीती, आदर, राग आणि सावधपणा या चारही गोष्टी एकाच मनात नांदतात आणि त्यातली एकही खोटी नसते. शिकल्यासवरल्या माणसांना हे जमू नये?

या सगळ्याचा अर्थ ‘दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर’ असं म्हणून गप्प बसणं नव्हे. गुंतागुंत समजून घेतली की निर्णय अधिक ठाम घेता येतो. एखादा बिबट्या माणसांवर पुन्हा पुन्हा हल्ले करत असेल आणि तो तोच आहे याची ठशांवरून, कॅमेऱ्यांवरून, नमुन्यांवरून खात्री पटली असेल, तर त्याला हटवलंच पाहिजे. पकडता येत नसेल तर गोळी घालण्याची तरतूद १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे आणि अशा वेळी तिच्या आड येणाऱ्या शहरी प्राणिप्रेमींनी माणूस गमावलेल्या घराच्या उंबऱ्यावर एकदा जाऊन यावं. पण दिसला तो बिबट्या नरभक्षक ठरवून पिंजऱ्यात कोंबणं हा वेगळा प्रकार आहे. त्यातून दोषी जनावर सुटतं, निर्दोष अडकतं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात जन्मठेप भोगणाऱ्यांची गर्दी तेवढी वाढते.

म्हणून आता प्रत्येकाला एकेक मागणं.

शेतकऱ्यांनो, संध्याकाळनंतर लहान मूल अंगणात एकटं सोडू नका. रात्री पाण्यावर जाताना दोघं-तिघं जा, बोलत जा, मोबाइलवर गाणी लावा. शेळ्या-वासरं वरून बंद असलेल्या गोठ्यात बांधा. घरालगतच्या दहा-वीस फुटांत ऊस लावू नका. उघड्या विहिरींना कठडे बांधा. फडात बछडे सापडले तर त्यांना उचलून फोटो काढू नका, तोड थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. वनकर्मचारी ते बछडे त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, माणसं मागे हटतात, रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून घेऊन जाते. पिल्लं हरवलेली मादी त्या रानात सैरभैर फिरत राहणं कुणाच्याच हिताचं नाही.

साखर कारखान्यांनो आणि मुकादमांनो, सगळ्यांत मोठा धोका ऊसतोड मजुराच्या लेकरांना आहे. आई-बाप पहाटे अंधारात फडात उतरतात आणि मूल कोपीत किंवा बांधावर झोपलेलं असतं. त्यांच्या तळावर दिवे लावा, कुंपण घाला, तात्पुरते संडास द्या, मुलं सांभाळायला एक बाई नेमा. ते मजूर या तालुक्याचे मतदार नाहीत म्हणून त्यांची काळजी घ्यायला कुणी येणार नाही, हे तुम्हाला आमच्याहून जास्त ठाऊक आहे.

सरपंचांनो आणि लोकप्रतिनिधींनो, पिंजऱ्यासोबत फोटो काढणं सोपं असतं. त्याऐवजी दिवसाची वीज, कचऱ्याची विल्हेवाट, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त, वेळेवर नुकसानभरपाई आणि वनखात्यातली रिकामी पदं यांचा पाठपुरावा करा. शेळीची भरपाई महिनोन्‌महिने मिळत नसेल तर मेलेल्या शेळीत विष कालवण्याचा मोह कुणाला होतो, हे तुम्ही ओळखता.

शहरातल्या मित्रांनो, ज्यांच्या दाराशी बिबट्या येतो त्यांना उपदेश करण्याआधी त्यांची रात्र कशी जाते ते विचारा. वन्यजीवासाठी वर्गणी देता तशी एखाद्या वस्तीच्या बंदिस्त गोठ्यासाठी, सौर दिव्यासाठी द्या. शेतकऱ्याला शिवी दिल्यानं एकही बिबट्या वाचत नाही. उलट शेतकऱ्याचं मन जिंकणं हाच बिबट्या वाचवण्याचा एकमेव मार्ग आहे.

पत्रकारांनो आणि व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या सर्वांनो, ‘बिबट्याचा धुमाकूळ’ आणि ‘बिबट्याचं दर्शन’ यांतला फरक पाळा. कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेले, दुसऱ्या राज्यातले, चार वर्षांपूर्वीचे व्हिडिओ ‘आत्ताच आपल्या गावात’ म्हणून पाठवू नका. बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, काठ्या घेऊन घेराव घालू नका. चहूबाजूंनी कोंडलेलं जनावर वाट फोडतं आणि त्या वाटेत बहुधा बघायला आलेलं पोरगं असतं.

तुम्ही बिबट्याच्या बाजूचे की माणसाच्या, असं कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका. त्याला उलट विचारा: तुझ्या गावात रात्रीची लाइट कधी येते? वस्तीवर किती घरांना संडास नाहीत? शाळेतून येणाऱ्या पोरांच्या वाटेवर ऊस किती जवळ आहे? ही उत्तरं गोळा करा, येत्या ग्रामसभेत मांडा, ठराव करून घ्या आणि तो तडीस जाईपर्यंत मागे लागा. पहिला फड तुटायच्या आत हे झालं पाहिजे. बिबट्या इथून जाणार नाही, शेतकरीही इथून जाणार नाही. दोघांना याच शिवारात राहायचं आहे आणि दोघांत विचार करण्याची ताकद फक्त आपल्याकडे आहे. ती वापरा.